लिस्बन: १७५५ च्या आधीचं, नंतरचं आणि आपल्या किनाऱ्याचं

सागरगोटा

लिस्बनला जातोय, काय काय बघू, असा प्रश्न इथे अधूनमधून येतो आणि उत्तरंही ठरलेली असतात. २८ नंबरची ट्राम, बेलेमचा टॉवर, कस्टर्डचे छोटे टार्ट, संध्याकाळी एखाद्या टेकडीवरून सूर्यास्त. हे सगळं छानच आहे, मी पण केलंय आणि परत गेले तर परत करेन. पण मराठी माणसाने एवढ्यावरच तिथून परत यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. चौल, वसई, मुंबई, दमण, गोवा, या सगळ्या किनाऱ्याचे निर्णय कैक पिढ्या ह्या एका गावातून, पोर्तुगालच्या ह्या राजधानीतून, होत होते, व्हाइसरॉय इथून निघायचे, पत्रं इथे यायची, मिरी इथे उतरायची. म्हणून मला जे दिसलं आणि जाण्याआधी-नंतर जे वाचलं ते सविस्तर लिहितेय. लांबण लागेल, सवडीने वाचा.

सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकातून करा, प्रासा दु कोमेर्सियु. पिवळ्या कमानींच्या इमारती तीन बाजूंनी, चौथी बाजू सरळ टेगस नदीत उतरलेली. इथे आधी राजवाडा होता. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळचे साधारण पावणेदहा, सगळं गाव चर्चमध्ये आणि प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या, अशा वेळी भूकंप झाला. चर्चची छतं माणसांवर आली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकडे पळाले आणि तासाभराच्या आत समुद्राचं पाणी नदीतून वर चढलं. आणि मग आग, जी कित्येक दिवस विझली नाही. किती माणसं गेली यावर इतिहासकारांचं एकमत नाही, तीस-चाळीस हजारांचे अंदाज दिले जातात. राजवाड्याबरोबर जवळजवळ ७०,००० ग्रंथांचं राजाचं ग्रंथालय गेलं, त्याच वर्षी उघडलेलं ऑपेरा हाऊस गेलं. राजा जुझे पहिला सकाळीच कुटुंबासह बेलेमकडे गेला होता म्हणून वाचला, पण त्याने भिंतींची इतकी धास्ती घेतली की पुढे मरेपर्यंत, म्हणजे १७७७ पर्यंत, आजुदाच्या टेकडीवर आधी तंबूत आणि मग लाकडी वाड्यात राहिला.

चौकातून कमानीखालून आत शिरलं की बायशा लागतं, सरळ काटकोनातले रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती. लोक इथे शॉपिंग करून पुढे जातात. मला वाटतं इथे थांबायला हवं, कारण हे सगळं भूकंपानंतर नव्याने आखलेलं गाव आहे. राजाचा मंत्री सेबाश्तियांव जुझे, ज्याला पुढे मार्किस ऑफ पोंबाल ही पदवी मिळाली, त्याने मानुएल दा माया, एउजेनियु दुश सांतुश, कार्लुश मार्देल अशा इंजिनियर लोकांना कामाला लावलं. भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा, त्यात फुलीच्या आकाराचे तिरके वासे, वरून दगडमातीचा भराव. हादरा बसला तर लाकूड लवेल आणि भिंत पडली तरी घर उभं राहील, असा विचार. सांगाड्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून तो हलवून पाहिला असं सांगतात.

आणि याच पोंबालने देशातल्या प्रत्येक चर्चच्या पाद्र्याला प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला, नंतर किती धक्के बसले, समुद्र आधी मागे गेला की वर चढला, किती घरं पडली. देवाचा कोप झाला हो, असं सगळं युरोप म्हणत असताना हा माणूस मोजमाप मागत होता. ती उत्तरं आजही सरकारी दफ्तरात आहेत आणि भूकंपाचा अभ्यास करणारे अजून वापरतात. हे वाचल्यापासून बायशाच्या रस्त्यांकडे मी वेगळ्याच आदराने बघते.

मग वर कार्मुच्या टेकडीवर जा. १९०२ च्या लोखंडी सांता जुश्ता लिफ्टला लांब रांग असते, बाजूने चढून गेलं तरी चालतं. वर कार्मुचं चर्च आहे, १३८९ चा पाया, १७५५ ला छत कोसळलं आणि ते पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये आभाळ. खाली गवत. आत छोटं पुरातत्त्व संग्रहालय आहे.

भूकंपाआधीचं लिस्बन बघायचं असेल तर टाईल्सचं म्युझियम. राणी लेओनोरने १५०९ साली स्थापन केलेल्या मठात ते आहे, आणि तिथे साधारण १७०० च्या सुमाराचं निळ्या-पांढऱ्या टाईल्सचं एक चित्र आहे, वीस मीटरहून जास्त लांब, त्यात नदीवरून दिसणारं अख्खं गाव. राजवाडा, घाट, होड्या, चर्चचे मनोरे, वाळत घातलेले कपडेसुद्धा. यातलं निम्मं पुढे पन्नास-पंचावन्न वर्षांत नाहीसं होणार आहे हे आपल्याला माहीत असतं, चित्र काढणाऱ्याला नव्हतं. (जाण्याआधी उघडं आहे का ते बघा, लिस्बनमध्ये बऱ्याच वास्तूंची दुरुस्ती चालू असते.)

आता बेलेम. भूकंपाचा मार इथे कमी बसला म्हणून जेरोनिमुशचा मठ आणि नदीतला टॉवर दोन्ही वाचले. मठाचं काम मानुएल राजाने १५०१ च्या सुमारास सुरू केलं आणि ते जवळपास शतकभर चाललं. पैसा आला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. खांबांवर दोरखंड, पोवळी, पानं, समुद्री जीव कोरलेत, एक खांब दुसऱ्यासारखा नाही. आत शिरताच एका बाजूला वास्को द गामाची समाधी. गामा वारला १५२४ साली, नाताळच्या आदल्या दिवशी, कोचीला. तिथल्या चर्चमध्ये पुरला, १५३९ ला अस्थी पोर्तुगालला आणल्या आणि ह्या मठात त्या यायला १८८० साल उजाडलं. पुढे मुख्य वेदीपाशी राजघराण्याच्या शवपेट्या आहेत आणि त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. हत्तींचे सुळे नीट बघा. कोणाच्या जोरावर हे राज्य उभं होतं ते त्या हत्तींनी सांगून टाकलंय.

टॉवरवर मात्र गेंडा शोधा. बाहेरच्या बाजूला पहारेकऱ्याच्या एका छोट्या बुरुजाच्या तळाशी दगडात त्याचं डोकं आहे, झिजलंय, पटकन सापडत नाही. ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता, गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह दुसरा याने परवानगी दिली नाही, पण भेट म्हणून गेंडा दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात चढवला आणि २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याला हत्तीसमोर उभं केलं, हत्ती पळाला. मग राजाने तो पोपला भेट म्हणून धाडला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, गेंडा साखळदंडात होता. जर्मन चित्रकार ड्यूररचं जगप्रसिद्ध चित्र ह्याच गेंड्याचं, त्याने तो डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता, आलेल्या पत्रावरून आणि रेखाटनावरून काढलं.

एक शेवटचं. बेलेमच्या प्रसिद्ध टार्टच्या दुकानाजवळ एक अरुंद बोळ आहे, त्यात एक दगडी खांब, त्याला पाच कडी. इथे आवेइरूच्या ड्यूकचा वाडा होता. ३ सप्टेंबर १७५८ ला राजावर गोळ्या झाडल्या गेल्या, पोंबालने ड्यूक आणि तावोरा घराण्याला दोषी ठरवलं, १३ जानेवारी १७५९ ला बेलेममध्येच सर्वांसमोर त्यांना मारलं, ड्यूकचा वाडा पाडून जमिनीत मीठ पेरलं आणि इथे परत कधी काही बांधायचं नाही असं खांबावर कोरलं. मारल्या गेलेल्यांतला फ्रान्सिश्कु द तावोरा हा १७५० ते १७५४ गोव्यात व्हाइसरॉय होता. ज्याने प्रश्नावली पाठवली तोच हा पोंबाल. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि मला त्या एकत्रच लक्षात ठेवाव्याशा वाटतात.

तुमच्यापैकी कोणी गेलं असेल तर भर घाला.

रातराणी

फार सुंदर लिहिलंय! गेंड्याचं अजिबात माहीत नव्हतं, टॉवरसमोर फोटो काढून आले होते. वाचनखूण साठवली.

दगडफूल

त्या लाकडी सांगाड्याबद्दल थोडं अजून, माझं काम स्ट्रक्चरल इंजिनियरिंगचं आहे म्हणून. त्याला तिथे गायोला म्हणतात, आणि महत्त्वाचं हे की हे एका घरापुरतं नव्हतं तर अख्ख्या वस्तीला लागू केलेलं होतं. खिडक्या-दारांची मापं ठरवून दिली, सामान आधीच कापून तयार ठेवलं, दोन घरांच्या मधली भिंत छपराच्या वर काढली म्हणजे आग शेजारी जाऊ नये. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या लाकडी चौकटीत खांब-तुळया असतात पण ते तिरके वासे सहसा दिसत नाहीत, आणि आडव्या धक्क्याला तेच कामाला येतात. खालची जमीन नदीच्या गाळाची, म्हणून पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकून त्यावर पाया घेतलाय. बायशात एका बँकेच्या तळघरात हे खुंट बघायला मिळतात, आणि त्याच तळघरात रोमन काळातले मासे खारवायचे हौदही आहेत. गाईडबरोबरच आत सोडतात, आधी वेळ घ्यावी लागते. इतिहास आवडणाऱ्याने हे अजिबात चुकवू नये.

वसईकर_मी

धाग्यात वसईचं नाव बघून राहवलं नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा अख्खा उत्तर प्रांत गेला, दमण-दीव सोडून. आमच्या किल्ल्यातली पडकी चर्च बघत मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे कार्मुच्या फोटोतल्या बिनछताच्या कमानी बघून काळजात काहीतरी झालं. वसईकडच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देवळांना दिल्या, नाशिकच्या नारोशंकर देवळातली घंटा आणि भीमाशंकरची घंटा लोकांना ठाऊक असतीलच. प्रश्न एवढाच की वसईचा काही पत्रव्यवहार वगैरे लिस्बनला बघायला मिळतो का?

सागरगोटा

@वसईकर_मी, हो! दोन जागा. एक तोर्रे दु तोंबु, म्हणजे राष्ट्रीय दफ्तरखाना. १७५५ ला तो साव जॉर्ज किल्ल्याच्या बुरुजात होता, बुरुज पडला पण कागद बऱ्यापैकी वाचले, आणि ते वाचवायची धडपड करणारा मानुएल दा माया तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता, वर नवं शहर आखणाऱ्यांत ज्याचं नाव आलंय तोच. गोव्याहून मान्सूनच्या जहाजांबरोबर जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांचे खंड आहेत त्यातले काही इथे, बाकीचे पणजीच्या दफ्तरखान्यात. दुसरी जागा बेलेमच्या अलीकडे, समुद्रापलीकडच्या वसाहतींचं दफ्तर, एगा नावाच्या वाड्यात. दोन्हीकडे वाचक म्हणून नाव नोंदवून बसता येतं. पण भाषा आणि जुनी लिपी येत नसेल तर आधी पिसुर्लेकरांचं काम वाचा, पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीत बसून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर जे केलंय ते मराठी वाचकाला अजूनही पहिलं दार आहे.

शब्दवेल्हाळ

सगळं ठीक पण मला एक पटत नाही. नदीकाठचं ते दर्यावर्दींचं प्रचंड स्मारक, गामा, अल्बुकर्क वगैरे ओळीने उभे, त्याच्यापुढे आपले लोक हसत सेल्फी काढतात. या लोकांनी आपल्याकडे काय केलं ते माहीत असून कौतुक कशाला करायचं?

माडाची_सावली

मी मडगावची, म्हणून यावर लिहिते. शब्दवेल्हाळ, तुमचा राग मी समजू शकते. पण त्या स्मारकाची तारीख बघा. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभं केलं होतं, पक्क्या बांधणीचं झालं १९६० ला, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. म्हणजे एवढा अभिमान दगडात कोरला तेव्हा साम्राज्य हातातून निसटत होतं. सालाझारने गोव्याच्या गव्हर्नरला, वासालो इ सिल्वाला, शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम दिला होता. त्याने शरणागती पत्करली, माणसं वाचवली, आणि मायदेशी त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला. माझ्या मते त्याची आठवण लिस्बनमध्ये करावी.

आणि कार्मुच्या चर्चसमोरचा चौक, तो आम्हा गोंयकारांसाठी फार महत्त्वाचा आहे. २५ एप्रिल १९७४ ला सैन्याने हुकूमशाहीविरुद्ध उठाव केला तेव्हा पंतप्रधान काएतानु तिथल्या गार्डच्या मुख्यालयात लपला होता, उठाव करणाऱ्यांतला कॅप्टन साल्गैरु माया चिलखती गाड्या घेऊन चौकात आला, लोक झाडांवर चढून बसले होते, बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचलेली, संध्याकाळी काएतानुने सत्ता सोडली. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला नव्या सरकारने भारताशी करार करून गोवा भारताचा आहे हे मान्य केलं. तेरा वर्षं जे मानलं नव्हतं ते त्या चौकातल्या एका दिवसामुळे मानलं गेलं.

रोसियु चौकातही थांबा. आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. लिस्बनला ते १५३६ पासून, गोव्यात १५६० पासून. बाजूला साव दोमिंगुशचं चर्च, १५०६ च्या एप्रिलमध्ये इथूनच ज्यूंची कत्तल सुरू झाली, बाहेर त्याचं स्मारक आहे. आतले खांब १९५९ च्या आगीत तडकलेत, काळवंडलेत आणि मुद्दाम तसेच ठेवलेत. गार्सिया द ओर्ता, ज्याने गोव्यात बसून इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि ज्याच्याकडे मुंबई बेट भाड्याने होतं, त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं आणि तो गेल्यावर बारा वर्षांनी त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. आज लिस्बनच्या नव्या भागात नदीकाठी त्याच्या नावाची बाग आहे. गोव्याशी नातं असलेल्या घरातले आन्तोनियु कोश्ता त्या देशाचे आठ वर्षं पंतप्रधान होते, त्यांच्या वडिलांचं घराणं आमच्या मडगावचंच. हे सगळं एकाच इतिहासात आहे, मला त्यातलं काही गाळता येत नाही.

शब्दवेल्हाळ

माडाची_सावली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. करार १९७४ ला झाला हे मला ठाऊक नव्हतं. स्मारकाबद्दल माझं मत तेच आहे, पण कार्मुचा चौक आता बघायचाच.

अण्णा_सांगलीकर

या धाग्यावर मोहन रानडे यांचं नाव यायलाच हवं. आमच्या सांगलीचा माणूस, गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेला आणि आझाद गोमंतक दलात लढला. १९५५ ला बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात ठेवलं. १९६१ ला गोवा मुक्त झाला, सगळीकडे आनंद झाला, आणि हा माणूस तिकडे परदेशात कोठडीतच. सुटका जानेवारी १९६९ ला. बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, त्यांच्या सुटकेसाठी इथे समिती उभी करून जिवाचं रान केलं, मद्रासचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपला भेटून शब्द टाकला.

लिस्बनला जाणारे बहुतेक लोक काइश दु सोद्रे स्टेशनवरून काश्काइशच्या समुद्रकिनाऱ्यावर जातात, ती लोकल बेलेम घेऊन पुढे काशियास स्टेशनवर थांबते. तुरुंग अजून तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. १९७४ ला क्रांती झाल्यावर दोन दिवसांत तिथले राजकीय कैदी सोडले. पोर्तुगीज लोकांनीही त्याच भिंतींमागे फार सोसलंय. गाडीत बसलेल्या मराठी माणसाने त्या स्टेशनचं नाव आलं की रानड्यांना मनात हात जोडावेत एवढीच माझी इच्छा.

सागरगोटा

अण्णा, अंगावर काटा आला. ह्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. एक भर, मोठ्या चर्चजवळ, म्हणजे सेच्या समोरच, आल्जूब नावाचा राजकीय पोलिसांचा जुना तुरुंग आहे, २०१५ पासून त्याचं म्युझियम केलंय. कोठड्या इतक्या अरुंद की माणसाला हात पसरता येऊ नयेत. काशियासच्या आत जाता येत नाही, पण कैद्यांना कसं ठेवत होते ते इथे कळतं.

केतकी_पुणे

आम्ही आईबाबांना घेऊन जातोय, बाबांचे गुडघे दुखतात आणि आई पूर्ण शाकाहारी. चढ फार आहेत का? ट्राम २८ मध्ये बसायला मिळतं का? आणि ती उतारावरची पिवळी गाडी सुरक्षित आहे का, बातमी वाचली होती.

रातराणी

@केतकी_पुणे, चढ आहेत आणि फुटपाथ गुळगुळीत चुनखडीच्या तुकड्यांचे, पावसात फार घसरतात, रबरी तळाचे बूट हवेतच. २८ मध्ये मधल्या थांब्यांवर उभं राहायलाही जागा नसते, सकाळी लवकर मार्तीम मोनीझहून, म्हणजे जिथून सुटते तिथूनच, चढा. खिसेकापूंपासून सांभाळा, बाबांचं पाकीट पुढच्या खिशात. तुम्ही म्हणताय ती ग्लोरियाची गाडी, ३ सप्टेंबर २०२५ ला तिची केबल तुटली आणि १६ माणसं गेली. बाबांना चढावर न्यायला टॅक्सी घ्या, अंतरं लहान आहेत. बायशा, रोसियु आणि बेलेम सपाट आहे, तेवढ्यातच भरपूर बघून होईल. आईंसाठी, हिरव्या पानांचं सूप मिळतं ते मागू नका, त्यात डुकराच्या सॉसेजचा तुकडा असतो. मार्तीम मोनीझ भागात भारतीय, नेपाळी खानावळी पुष्कळ आहेत.

वसईकर_मी

अजून एक विचारतो. मुंबई आंदण दिली ती राजकन्या लिस्बनचीच ना? तिचं काही आहे का तिथे?

सागरगोटा

आहे, आणि ते मूळ लेखात टाकायला हवं इतकं मोलाचं आहे. कातरिना द ब्रागांसा. जन्म विला विसोझाचा, पण वाढली आणि गेली लिस्बनमध्येच. १६६१ च्या तहात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं, हुंड्यात मोरोक्कोतलं तांजिये बंदर आणि मुंबई बेट. गोव्याचा व्हाइसरॉय मेलु इ काश्त्रु मुंबई सोडायला तयार नव्हता, लिस्बनला विरोधाची पत्रं लिहीत राहिला, अखेर १६६५ ला ताबा दिला. १६६८ ला चार्ल्सने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कातरिना नवरा गेल्यावर मायदेशी परतली, १७०५ च्या शेवटच्या दिवशी लिस्बनमध्ये वारली. तिची समाधी अल्फामा ह्या जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला साव व्हिसेंत द फोराच्या मठात, ब्रागांसा घराण्याच्या दालनात आहे. जिच्या नावाने आपली मुंबई इकडून तिकडे गेली तिची पेटी अगदी साधी आहे आणि तिथे गर्दी नसते. आत चढायला जिने आहेत, केतकी, बाबांना खालच्या अंगणात बसवता येईल, तिथल्या भिंतींवरच्या टाईल्स बघण्यासारख्या आहेत. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मठाच्या मागच्या मैदानात जुना बाजार भरतो, जुन्या टाईल्स, नाणी, पोस्टकार्डं मिळतात. फक्त सुट्या टाईल्स घेताना जपा, तिथे जुन्या घरांच्या भिंतींवरून चोरून काढलेल्याही विकायला येतात.